"नाईट शिफ्ट चालू आहे" असं किती दिवस सांगायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही चाकणला राहतो. मिस्टर एका प्रेस पार्टच्या छोट्या कंपनीत 12 वर्षं पर्मनंट होते, वरून ऑर्डर कमी झाली म्हणून दीड महिन्यापूर्वी 40 जणांना गेटवरच थांबवलं. पगार 20 हजार 500 होता, त्यात बेसिक-डीए 14 हजार. आता एचआरवाले म्हणतायत राजीनामा लिहून द्या, हिशोब एकरकमी करून टाकतो. भाडं 6 हजार, बाईकचा हप्ता, मायक्रोफायनान्सच्या गटाचा हप्ता, मुलगी बारावीला. शेजारी आणि गावाकडे सासूबाईंना सांगितलंय की नाईट शिफ्ट चालू आहे म्हणून दिवसा घरी असतात. गटाचा हप्ता भरायला मी मोबाईलवरच्या ॲपवरून कर्ज काढलं, हे त्यांना माहीत नाही. आलेल्या पैशात ते रिक्षा घेऊ म्हणतात, मी म्हणते डबे सुरू करते. काय करू?
– एक वाचक, चाकण

उत्तर : अगं आधी तो राजीनामा. सही करू देऊ नकोस, निदान एखाद्या कामगार वकिलाला नाहीतर युनियनच्या माणसाला कागद दाखवल्याशिवाय तर नाहीच. कंपनीने काढलं तर नोटीस किंवा एक महिन्याचा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावी लागते, आणि स्वतःहून सोडलं असं लिहून दिलं की ही भरपाई गेली. एचआरला तुमची दया आलेली नाहीये, एवढंच. ग्रॅच्युइटी वेगळी, ती राजीनामा दिला तरी मिळतेच : बेसिक-डीएला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं, तुमचे साधारण 97 हजार होतात. कंपनीने याच पैशाला "सगळा हिशोब" म्हणून पुढे केलं तर समजून जा. ऐकत नसतील तर कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात अर्ज द्या, चारपाच जणांनी मिळून गेलात तर जास्त बरं.

पगार 21 हजारांच्या आत म्हणजे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जात असणार. त्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेली की जास्तीत जास्त 90 दिवस रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे पैसे मिळतात, आयुष्यात एकदाच. पण स्वेच्छानिवृत्तीवाल्यांना नाही, म्हणजे राजीनाम्याचा कागद इथेही आडवा येऊ शकतो. हजेरीच्या अटी आहेत, आधार आणि बँक पासबुक घेऊन ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला जाऊन विचारा. ईएसआयचा दवाखानासुद्धा नोकरी गेल्या दिवशी बंद होत नाही, आधी कापलेल्या वर्गणीवर पुढचे काही महिने चालतो, तेव्हा कोणाचं दुखणं अंगावर काढत असाल तर आत्ताच दाखवून घ्या.

आता ॲपचं कर्ज. हे त्यांना आजच सांग. रागावतील, रागावू देत. जुना हप्ता भरायला नवीन कर्ज काढलं की माणूस कुठे पोचतो ते मी या सदराच्या पत्रांमध्ये इतक्यांदा वाचलंय की आता पहिल्या दोन ओळीतच कळतं. ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी आहे का बघ, तुझ्या फोनमधले कॉन्टॅक्ट उघडायचा त्यांना अधिकार नाही, नातेवाईकांना फोन करून धमक्या द्यायला लागले तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसात तक्रार कर. आणि गटवाल्या मॅडमना मीटिंगला जाऊन तोंडावर सांग की नोकरी गेलीये, हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या. मीटिंग चुकवू नकोस. ठरलेल्या जागी लागोपाठ दोन वेळा तू गेली नाहीस तरच त्यांना घरी यायची मुभा आहे, तेसुद्धा सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर नाही.

नाईट शिफ्टचं म्हणशील तर सासूबाईंना एकवेळ नंतर सांग. पण चाकणमध्ये फिटर पाहिजे, प्रेसवर माणूस पाहिजे हे टपरीवर आणि जुन्या सुपरवायझरकडूनच कळतं ना, मग ज्याची नाईट चालू आहे त्याला कोण सांगणार?

रिक्षा आत्ता नको. भरपाईचे पैसे म्हणजे तुमचे सहा महिन्यांचं भाडं आणि किराणा, ते डाऊन पेमेंटला गेले की हातात रिक्षा आणि डोक्यावर आणखी एक हप्ता. चालवायचीच असेल तर दोन महिने दुसऱ्याची भाड्याने चालवून बघू देत, लायसन-बॅज लागेलच.

डब्यांचं मला पटतं, पण एक सांगते. माझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा आमच्या घरी आई खानावळ चालवायची, दहाबारा मेंबर, सगळे गिरणीतलेच. वडिलांचा पगार थांबला त्याच दिवशी मेंबरांचाही थांबला, जेवण काही थांबलं नाही, आई वहीत उधारी लिहीत राहिली आणि वाणी आईच्या नावावर लिहीत राहिला. परळ-लालबागला अशा कितीतरी बायका होत्या, त्यांच्यासाठीच प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. तर तू डबे कर, पण मिस्टरांच्या कंपनीतल्या किंवा त्याच ऑर्डरवर चालणाऱ्या शेजारच्या कंपनीतल्या पोरांचे धरू नकोस, दुसऱ्या धंद्यातली गिऱ्हाइकं बघ, आणि पैसे आठवड्याचे ॲडव्हान्स.

रेशनवर फार भिस्त ठेवू नका. 5 किलो धान्यासाठी शहरात वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिना 5 हजारसुद्धा नाही, आणि उत्पन्नाचा दाखला निघतो मागच्या वर्षाचा. गेल्या वर्षी पगार होता म्हणून यंदा तुम्ही गरीब नाही, असा तो हिशोब! मुलीचं मात्र थांबवू नका. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कागदपत्रं बारावीचा निकाल लागायच्या आधी काढून ठेव, निकालानंतर सेतूत उभं राहायला जागा नसते.

प्रश्न : इचलकरंजीत यंत्रमागावर होतो, चार महिने काम नाही. मुलगा इंग्लिश मीडियमला पाचवीत, फी थकली म्हणून शाळा दाखला देत नाही, आणि दाखल्याशिवाय दुसरीकडे घेणार नाहीत असं सगळे म्हणतात. वर्ष वाया जाईल का?
– एक वाचक

उत्तर : नाही जाणार दादा. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 5 मध्ये हे सरळ लिहिलेलं आहे. जवळच्या महापालिकेच्या शाळेत मुलाला घेऊन जा, जन्मदाखला आणि आधार असेल तर बरोबर ठेवा, हेडमास्तरांनी कां-कूं केलं तर प्रवेशाचा अर्ज लेखी देऊन पोच घ्या आणि ती पोच घेऊन मनपाच्या शिक्षण विभागात जा. जुन्या शाळेची थकलेली फी हा वेगळा विषय, त्याचे हप्ते पाडून मागा, पण मुलाला घरी बसवू नका.