लागण म्हणजे रोगच का?

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय, शाळेच्या अंकासाठी खोल समुद्रातल्या ट्यूबवर्मवर लिहितायत, तर "अळीला बॅक्टेरियाची लागण होते" असं लिहिलं तर चालेल का, की पोरं म्हणतील अळी आजारी पडली.

ताई, बिनधास्त लिहा. आपल्या सांगली-साताऱ्याकडं लागण म्हटलं की आधी ऊसच डोळ्यापुढं येतो, "आडसाली लागण उरकली का?" असं विचारलं तर कोण तोंडाला मास्क लावत नाही. मूळ क्रियापद लागणे, म्हणजे चिकटणे, जडणे, कलम लागतं, गोडी लागते, तसाच रोग पण लागतो. गंमत एवढीच की उसाची लागण आपण करतो आणि रोगाची आपल्याला होते.

आता ही अळी बघा. रिफ्टिया नावाचा हा जीव १९७७ साली गॅलापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोल, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी सापडला. मोठा झाल्यावर त्याला तोंड नाही, आतडं नाही, सगळं पोषण आत राहणाऱ्या बॅक्टेरियांकडून. पण हे बॅक्टेरिया आईकडून येत नाहीत, प्रत्येक पिल्लाला ते बाहेरच्या पाण्यातनं नव्यानं मिळवावे लागतात. आधी वाटायचं की पिल्लाला तोंड असतं, तेव्हा तिथनंच गिळले जात असतील आणि बॅक्टेरिया ज्यात राहतात तो अवयव पुढं आतड्याचाच होत असेल. २००६ साली नुसबाउमर, फिशर आणि ब्राइट या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तसं नाही, बॅक्टेरिया चक्क कातडीतनं आत घुसतात, सरकत आतड्याभोवतीच्या मधल्या थरातल्या पेशींपर्यंत जातात आणि तिथं ट्रोफोसोम नावाचा अवयव तयार होतो. आणि मग भारी प्रकार, तो अवयव जमला की कातडीच्या पेशी मोठ्या प्रमाणात आपणहून मरतात आणि नवीन बॅक्टेरियांचं आत येणं बंद. पुढं तोंड-आतडं पण जातं. अळीचा वरचा लाल तुरा हिमोग्लोबिनमार्फत ऑक्सिजन आणि सल्फाइड (गंधकाचं संयुग) दोन्ही आत पोचवतो, त्यावर बॅक्टेरिया अन्न बनवतात.

म्हणजे सुरुवात होते अगदी रोगासारखीच, बाहेरनं येऊन कातडी फोडून आत, म्हणून शास्त्रज्ञ सुद्धा संसर्गच म्हणतात. तुम्ही तेवढं "उपयोगी बॅक्टेरियाची लागण" करा, पहिल्या वाक्यातच पोरांची शंका मिटेल. ट्रोफोसोमला उगाच संस्कृत नाव शोधू नका, तसंच ठेवा. आणि शीर्षकात "परजीवी" टाकलंय ते मात्र काढा, तिथं सहजीवी पाहिजे.