सिनसिनाटीहून स्मोकीला जाताना वाटेत बरीया: आई-बाबांसोबत काय बघावं, काय घ्यावं

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन आय-७५ हायवेने गॅटलिनबर्गला (टेनेसीतलं स्मोकी डोंगरांच्या पायथ्याचं गाव) जाताना वाटेत एखादं शांत डोंगरी गाव आणि चांगली खरेदी, दोन्ही कुठे जमेल. माझं उत्तर एकच: केंटकीतलं बरीया. सिनसिनाटीहून दोनेक तास, आणि पुढे गॅटलिनबर्गला साधारण तीन. शक्य असेल तर तिथे मुक्कामच करा. आठवणीच्या वस्तू गॅटलिनबर्गमध्ये ढीगभर मिळतील, पण त्या बहुतेक कारखान्यातल्या. बरीयात वस्तू करणारा माणूस समोर असतो.

हायवेच्या ७७ नंबरच्या एक्झिटला लागूनच केंटकी आर्टिसन सेंटर आहे. राज्यभरातल्या कारागिरांचं काम एका छताखाली, कॅफे, स्वच्छ प्रसाधनगृहं, आई-बाबांसाठी सोयीचं. पण फक्त तेवढंच बघून गाडी परत हायवेवर घेऊ नका, प्लीज. खरी मजा गावात आहे.

गावाचा जीव म्हणजे बरीया कॉलेज. गुलामगिरीविरोधक जॉन फी यांनी १८५५ मध्ये सुरू केलेलं. तिथे गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र शिकवत; राज्याने १९०४ मध्ये कायदा करून ते एकत्र शिकवणं बंद पाडलं. १९५० मध्ये ते पुन्हा सुरू झालं. इथे कुणाकडूनही शिकवणीची फी घेत नाहीत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. काहींचं काम म्हणजे विणकाम, लाकूडकाम, झाडू बांधणं. झाडू बांधताना जरूर बघा. ज्या गवताचा तो करतात ते ज्वारीचंच एक वाण. यंत्रावर दांडा गोल फिरतो, मुलगा एकेक जुडी लावत दोरा ताणून घट्ट आवळत जातो, मग तो फडा चपटा दाबून हाताने शिवतात. किंमत ऐकून आई नाक मुरडतील, पण काम बघितल्यावर त्याच घ्यायला लावतील. हे सगळं कॉलेजच्या हस्तकलेच्या दुकानात मिळतं.

आता आपल्या माणसांना मी आवर्जून सांगतो ती गोष्ट. डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनियर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या नगरला, अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये होते. विणकरांसाठी त्यांनी तिथे सुधारित हातमाग तयार केला. पुढे पत्नी एलिनॉर यांच्यासोबत त्यांनी १९२२ मध्ये बरीयात चर्चिल वीव्हर्स सुरू केलं. ते २००७ मध्ये बंद पडलं, त्यामुळे नवा माल नाही. पण जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांचं लेबल असलेली शाल किंवा बाळाचं पांघरूण दिसलं तर सोडू नका. नगरचा धागा केंटकीत सापडतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

जुन्या रेल्वे स्टेशनजवळ ओल्ड टाउन आहे. तिथे छोटे स्टुडिओ आहेत. डल्सिमर हे तंतुवाद्य कुठे दिसलं तर वाजवून दाखवा म्हणा. मांडीवर आडवं ठेवतात; एका तारेवर चाल, बाकीच्या तारांचा सूर तंबोऱ्यासारखा मागे घुमत राहतो. बाबांना गाण्याची आवड असेल तर तिथून निघणार नाहीत. लहान दुकानं रविवार-सोमवारी बंद असू शकतात, तेव्हा शक्यतो गुरुवार ते शनिवार गाठा.

जेवायला बून टॅव्हर्न, १९०९ चं कॉलेजचंच हॉटेल. तिथली स्पूनब्रेड प्रसिद्ध आहे: मक्याचं पीठ आणि दूध, मऊ, गरमागरम वाढतात. त्यात अंडं असतं, आई-बाबा खात नसतील तर आधीच सांगा.

गावाबाहेर २१ नंबरच्या रस्त्यावर पिनॅकल्सची पायवाट आहे. वरून रंगलेलं जंगल सुरेख दिसतं, पण चढ दमवणारा. गुडघे दुखत असतील तर तुम्ही सकाळी लवकर एकटे जाऊन या, तोवर ते बून टॅव्हर्नच्या ओसरीवर बसतील.