अलीकडे वाचलेल्या कशामुळे तुमची जुनी समजूत बदलली?

विजयदुर्गाबद्दलच्या वाचनामुळे. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या कट्ट्या'वरून इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने १८६८ साली हेलियम शोधला, असं मी शाळेपासून ऐकत आलो. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लॉकियर भारतात नव्हताच! त्या दिवशी गुंटूरहून सूर्याचा वर्णपट (म्हणजे त्याच्या प्रकाशाचे वेगळे केलेले रंग) तपासत होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन. लॉकियरला त्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा दिसली ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये, आणि तीही ग्रहण नसताना. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच्या तीन वर्षं आधी, १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झीने खनिजातून हेलियम वेगळा काढलाही होता. म्हणजे आधी सूर्यात दिसलेलं मूलद्रव्य पृथ्वीवर हाती लागायला २७ वर्षं गेली! ऐकीव गोष्टीपेक्षा मला ही हकिगत कितीतरी जास्त आवडली.