'एली, द फॅनॅटिक' आणि 'द शॉल' या कथांची तुलना कोणत्या मुद्द्यावर करावी?

कपड्यावर करा, 'ज्यूंचं दुःख' असा ढोबळ विषय घेतलात तर दोन्ही कथा हातातून निसटतील. फिलिप रॉथच्या 'एली, द फॅनॅटिक'मध्ये (१९५९) वुडेंटन या अमेरिकी उपनगरात स्थिरावलेल्या ज्यूंना नाझींच्या ज्यू-संहारातून बचावून युरोपातून आलेल्या एका माणसाचा पारंपरिक काळा पोशाख खुपतो. वकील एली पेक त्याला स्वतःचा हिरवा सूट देतो. तो माणूस आपले काळे कपडे एलीच्या दाराशी ठेवतो, आणि एली तेच घालून आपल्या नवजात मुलाला बघायला इस्पितळात जातो! तिथे त्याला इंजेक्शन देऊन शांत करतात. सिंथिया ओझिकच्या 'द शॉल'मध्ये (१९८०) छळछावणीतली रोझा तान्ह्या माग्दाला शालीत लपवते. सोबतची किशोरवयीन स्टेला ती शाल घेते, आणि बाळ विजेच्या कुंपणावर फेकलं जातं. किंकाळी फुटू नये म्हणून रोझा तीच शाल तोंडात कोंबते. कितीदा वाचलं तरी तिथे माझा श्वास अडकतो. तुमचा भर अमेरिकेवर असेल तर पुढची कथा 'रोझा' (१९८३) सोबत घ्याच: मायामीत एकटी राहणारी रोझा गेलेल्या मुलीला पोलिशमध्ये पत्रं लिहिते. रॉथकडे कपडा बघणाऱ्यांची परीक्षा घेतो. ओझिककडे तो आईच्या हातून सुटतच नाही. फक्त एक लक्षात ठेवा: दोघेही लेखक अमेरिकेत जन्मलेले, त्यामुळे या कथा संहारातून बचावलेल्यांची साक्ष म्हणून वापरू नका.