डब्यावर १६, मुलगा साडेनऊ वर्षांचा

«आदरणीय ताई, माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. माझा भाऊ लंडनला असतो. मे महिन्यात तो आला तेव्हा भाच्यासाठी प्लेस्टेशन आणि सोबत २०१८ च्या स्पायडरमॅन गेमची डिस्क घेऊन आला. डब्यावर ठळक अक्षरांत १६ हा आकडा आहे, म्हणून मी डबा कपाटात ठेवून दिला. मिस्टरांचे म्हणणे असे की स्पायडरमॅन म्हणजे कार्टून, त्यात एवढे घाबरण्यासारखे काय? मी रविवारी ड्युटीवर असताना त्या दोघांनी दोनदा तो गेम खेळून पाहिला, हे मला माझ्या धाकटीकडून कळले. सासरे म्हणतात, मारामारी पाहून पोरगा हाताबाहेर जाईल. सासूबाई गेल्या वर्षी दीर्घ आजाराने गेल्या. तेव्हापासून मुलगा रात्री माझ्याजवळच झोपतो आणि मी त्याला नको इतके जपते, असेही घरात बोलले जाते. मी खरोखरच कडक वागते आहे का? — एक आई, नाशिक»

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कडक वागत नाही. हा गेम संपूर्णपणे त्याच्या हाती सोपवण्याचे त्याचे वय अजून झालेले नाही, असेच माझेही मत आहे. मात्र त्यामागचे माझे कारण तुमच्या सासऱ्यांच्या कारणाहून निराळे आहे, आणि डबा कपाटात बंद करून प्रश्न सुटेल असेही मला वाटत नाही.

आधी त्या आकड्याविषयी. तो पेगी या युरोपीय वर्गीकरणाचा आहे. २००३ पासून चालत आलेल्या या पद्धतीत ३, ७, १२, १६ आणि १८ अशा पायऱ्या आहेत. गेम खेळायला किती अवघड आहे याच्याशी या आकड्याचा काहीही संबंध नसतो, त्यामुळे «आमच्या पोराला सगळे जमते» हा युक्तिवाद येथे गैरलागू ठरतो. पडद्यावरची हिंसा प्रत्यक्षातल्यासारखी दिसू लागली की साधारणपणे १६ चा शिक्का बसतो. अमेरिकेत १९९४ पासून ईएसआरबी ही संस्था हेच काम करते आणि तिने याच गेमला «टीन», म्हणजे तेरा वर्षे व त्यापुढील, असा दर्जा दिला आहे. तुमचे यजमान उद्या हा फरक दाखवून सोळाचे तेरा करतील. खुशाल करू द्या, तेराचे साडेनऊ तरीही होत नाहीत. आपल्याकडे चित्रपटांना लागते तसे सक्तीचे प्रमाणपत्र अशा गेमना लागत नाही, त्यामुळे डब्यावरच्या या परक्या आकड्याकडेच आपल्याला गांभीर्याने पाहावे लागते.

आता «स्पायडरमॅन म्हणजे कार्टून» या म्हणण्याकडे वळू. हा गैरसमज एकट्या तुमच्या यजमानांचा नाही. भेट म्हणून गेम विकत घेणारे निम्मे मामा-काका मुखवटा आणि रंगीत पोशाख पाहूनच घेत असावेत, असा माझा संशय आहे. २०१३ च्या लेगो मार्व्हल सुपर हीरोज या गेममध्येही स्पायडरमॅन आहे. तेथे ठोसा बसलेला खलनायक प्लास्टिकच्या विटांच्या ढिगाऱ्यात विखुरतो आणि त्याला पेगीने ७ हा आकडा दिला आहे. दुसऱ्या टोकाला २०१५ चा बॅटमॅन: अर्कम नाईट आहे, ज्याला अमेरिकेत सतरा वर्षांवरच्यांसाठीचा दर्जा मिळाला. म्हणजे सुपरहीरो हा शब्द पाळण्यापासून कॉलेजपर्यंत कुठेही बसू शकतो, आणि नायक ओळखीचा आहे एवढ्यावरून त्याची गोष्ट कोणत्या वयासाठी लिहिली आहे हे ठरत नाही.

सासऱ्यांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही, पण ती थोडी हलकी करू शकते. या गेममध्ये मारामारी पुष्कळ आहे, तरी स्पायडरमॅन कोणाचा जीव घेत नाही. खेळणाऱ्याने एखाद्या गुंडाला गच्चीवरून लाथेने खाली उडवले, तरी तो रस्त्यावर आपटत नाही. एक जाळे आपोआप सुटते आणि गुंड इमारतीच्या भिंतीला चिकटून लटकत राहतो. बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केले आहे. शिवाय अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडताना असे म्हटले की हिंसक गेम खेळणे आणि प्रत्यक्षातली गंभीर हिंसा यांचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. ओरडणे, ढकलाढकली करणे अशा वागण्याशी मात्र थोडासा संबंध दिसतो. तेव्हा गेम बंद केल्यावर त्याने बहिणीवर जाळे फेकण्याचा आविर्भाव केला तर घाबरू नका, आणि तिला खरोखर ढकलले तर त्या दिवसापुरता गेम बंद करा. तो गुंड होईल ही भीती आजोबांनी बाळगण्याचे कारण नाही.

माझी खरी हरकत ठोशांना नाही, कथेला आहे. तुमच्या यजमानांनी दोन रविवारी जे पाहिले ती कथेची सुरुवात आहे. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमधून झोके घेणे, विल्सन फिस्क नावाच्या धिप्पाड गुन्हेगाराला पकडणे, अधूनमधून विनोद. तेवढ्यावरून मत बनवले तर ते तसेच बनणार. चित्रपट आई-वडील दोन-अडीच तास शेजारी बसून पुरा पाहतात, पण पंधरा-वीस तासांचा गेम अखेरपर्यंत पाहणारे पालक मला क्वचितच भेटतात, आणि या गेममधले जड प्रसंग नेमके पुढे आहेत. जेफरसन डेव्हिस या पोलीस अधिकाऱ्याच्या शौर्याचा सिटी हॉलसमोर गौरव होत असतो, त्याचा शाळकरी मुलगा माइल्सही तेथे आलेला असतो. त्या समारंभात बॉम्बस्फोट होतात आणि तो अधिकारी मारला जातो. त्यानंतर अंत्यविधी दाखवला आहे, आणि वडील गमावलेला तो मुलगा पुढे कथेतले एक मुख्य पात्र होतो. काही टप्पे त्याच्याच भूमिकेतून खेळायचे असतात. त्याच्याकडे कोणतीही शक्ती नसते, सशस्त्र माणसांच्या नजरेला न पडता लपतछपत पुढे सरकायचे असते. लहान मुलाला अशा टप्प्यांचा ताण मारामारीपेक्षा जास्त येऊ शकतो, कारण मारामारीत निदान हातात बळ असते.

आणि शेवट. (तो येथे उघड करते आहे, त्याबद्दल यजमानांची माफी असावी.) शहरात एक जीवघेणा रोग पसरतो आणि पीटर पार्करला, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनला, ज्या काकूने आईच्या मायेने वाढवले, ती मे काकू रुग्णशय्येवर असते. औषधाचा एकच नमुना हाती असतो. तो तिला द्यावा तर शहरासाठी औषध बनवता येणार नाही, शहरासाठी ठेवावा तर ती वाचणार नाही. पीटर तो शहरासाठी ठेवतो आणि ती त्याच्यासमोर प्राण सोडते. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणणारा हा प्रसंग आहे, उत्तम लिहिलेला आणि तितकाच उत्तम अभिनयाचा. पण ज्या मुलाने वर्षभरापूर्वी आजीचे लांबलेले आजारपण घरात पाहिले आणि जो अजून रात्री एकटा झोपत नाही, त्याने औषध हातात असूनही आजारी वडीलधारी स्त्री वाचवली गेली नाही अशी गोष्ट कंट्रोलर हातात धरून, स्वतःच पीटर होऊन पाहावी, असे मला वाटत नाही. मृत्यूच्या गोष्टी मुलांपासून लपवाव्यात असे माझे म्हणणे नाही. त्या कधी आणि कोणाच्या सोबतीने समोर याव्यात, हे मात्र पालकांनी ठरवायचे असते. तुम्ही नको इतके जपता असे घरात म्हणणाऱ्यांपैकी कोणी हा शेवट पाहिला असेल असे वाटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. संपूर्ण कथा तुमच्या यजमानांनी एकट्याने, मुले झोपल्यावर पूर्ण करावी. त्यांना शिक्षा वाटू नये एवढा हा गेम चांगला आहे. तुम्हाला तेवढा वेळ नसेल तर कथेतले सगळे प्रसंग सलग जोडलेली चित्रफीत यूट्यूबवर मिळते, ती पाहा. मुलाला या गेमची गोडी लागली आहे ती बहुधा झोक्यांची. सुरुवातीचे काही टप्पे संपले की मॅनहॅटनभर मोकळे फिरता येते, पीटरने ठिकठिकाणी लपवून ठेवलेली पाठीवरची दप्तरे शोधता येतात, प्रसिद्ध इमारतींचे फोटो काढता येतात. दिवाणखान्यात, वडील शेजारी असताना, सर्वांत सोप्या पातळीवर त्याने एवढेच केले तर माझी हरकत नाही. वाटेत किरकोळ गुन्हे घडताना दिसतील, पण ते सोडून पुढे जाता येते. कथेचा पुढचा टप्पा त्याने सुरू करायचा नाही, हा नियम मात्र स्पष्ट शब्दांत सांगा. याच्या जोडीला वर सांगितलेला लेगोचा गेम आणा. तो दोघांना एकाच पडद्यावर खेळता येतो, त्यामुळे चुगली करणाऱ्या धाकटीलाही वाटा मिळेल.

कन्सोलवर, म्हणजे त्या प्लेस्टेशनवर, मुलाच्या नावाचे वेगळे खाते उघडा. पालकाच्या खात्यावरून त्याला वयाची मर्यादा, दिवसाची वेळ, अनोळखी लोकांशी बोलणे आणि खर्च, हे सारे ठरवून देता येते. या विशिष्ट गेममध्ये तो एकटाच खेळणार असल्यामुळे अनोळखी माणसांशी बोलण्याचा प्रश्न येत नाही, ही त्याची जमेची बाजू. फुकट मिळणारे आणि इंटरनेटवर संघ करून खेळायचे सुपरहीरो गेम, उदाहरणार्थ डिसेंबर २०२४ मध्ये आलेला मार्व्हल रायव्हल्स, यांत तो प्रश्न येतो. शिवाय पोशाख विकत घेण्याचा मोहही असतो. मारामारी कमी-जास्त असण्यापेक्षा मी तेथे अधिक सावध राहीन.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट गेमविषयीची नाही. तुम्ही नाही म्हटलेली गोष्ट वडिलांनी तुमच्या पाठीमागे करू दिली आणि ती तुम्हाला धाकटीकडून कळली. मुलाला यातून आईपासून काय लपवायचे ते शिकायला मिळाले, आणि त्याचा दोष मुलाकडे जात नाही. त्याला एका शब्दानेही बोलू नका. मुले झोपल्यावर यजमानांशी बोला. त्या वेळी १६ हा आकडा पुढे करू नका, आकड्यावर वादच होईल. मे काकूचा प्रसंग त्यांना दाखवा. त्यांचीही आई गेली आहे, हे तुम्ही पत्रात केवळ सासूबाई म्हणून लिहिले आहे. ठरलेला नियम मुलाला त्यांनीच सांगावा, म्हणजे नाही म्हणणारी आई आणि हो म्हणणारे बाबा अशी वाटणी राहणार नाही.

तो बारा-तेरा वर्षांचा झाला, रात्री आपल्या जागी झोपू लागला आणि आजीविषयी आपणहून बोलू लागला, की कथा पूर्ण खेळण्याचा विषय पुन्हा काढा, पहिल्यांदा वडिलांसोबत. त्याआधी तो २०२३ च्या दुसऱ्या भागासाठी हट्ट धरील. त्यात व्हेनम नावाचा राक्षस एका खलनायकाचे डोके चावून तोडतो, तेव्हा तो भाग आणखी काही वर्षे लांबच ठेवा. लंडनच्या भावाला रागावून लिहू नका, पुढच्या भेटीआधी डब्याचा फोटो पाठवायला तेवढे सांगा. आणि कन्सोलच्या पिनसाठी त्याची जन्मतारीख ठेवू नका.

तुमची ताई