देश ‘खाणे’ आणि गादी ‘खाणे’

एका अनुवादकांचा प्रश्न आहे : आफ्रिकेतल्या राजकारणावरच्या लेखात ‘त्यांनी देश खाल्ला’, ‘आता खायची पाळी आमची’ अशी वाक्ये वारंवार येतात. तिथे सरळ ‘भ्रष्टाचार करणे’ लिहावे का? आणि युगांडाच्या अध्यक्षांना एका बाईंनी दिलेली शिवी ‘नितंब’ म्हणून सभ्य करावी का?

‘भ्रष्टाचार’ नको, ‘खाणे’च ठेवा. पैसे खाणे आपल्याला काही नवे नाही. स्वाहिलीतही लाच ‘खातात’च (कुला रुश्वा). ‘शेळी बांधली तिथेच चरते’ ही कॅमेरूनमधली म्हण तर आपल्या ‘तळे राखील तो पाणी चाखील’ची सख्खी बहीण. पण एवढ्यावर थांबलात तर निम्मा अर्थ निसटेल.

पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेतले ‘ची’ बघा. मूळ अर्थ खाणे. निवडणूक जिंकली तर ती ‘खाल्ली’, लाच घेतली तर शब्दशः ‘नाक खाल्ले’, आणि रांगड्या बोलीत संभोगालाही हेच क्रियापद. घानातल्या अकान भाषेतले ‘दि’ जेवण, वारसा आणि शेज तिन्हीकडे चालते. युगांडातल्या लुगांडा भाषेत कबाका, म्हणजे राजा, गादीवर बसतो तेव्हा तो बुगांडा, म्हणजे आपले राज्य, ‘खातो’. त्यात निंदा अजिबात नाही. इंग्रज गेले, पक्ष आले, क्रियापद राहिले. कॅमेरूनचे विचारवंत आशील म्बेम्बे यांनी तोंड, पोट आणि लिंग ही वसाहतोत्तर सत्तेची ठाणी मानली ती उगाच नव्हे. राज्यकर्ता याच अवयवांनी मिरवतो आणि प्रजा याच अवयवांवरून त्याची टर उडवते.

आपल्याकडे हे सगळे ‘भोग’ या शब्दात आहे : देवाचा भोग, स्त्रीभोग, राज्योपभोग. राजाला संस्कृतात ‘भूभुज्’ म्हणतात. पाणिनीचे ‘भुजोऽनवने’ हे सूत्र तर बहारीचे. राखणे या अर्थी भुज् धातू परस्मैपदी (शब्दशः ‘दुसऱ्यासाठी’), खाणे-भोगणे या अर्थी आत्मनेपदी (‘स्वतःसाठी’)! तरीही सरसकट ‘भोगणे’ वापरू नका. मराठीत शिक्षाही भोगतात, आणि त्या शब्दात पोटाची भूक कुठेच नाही. पहिल्यांदा ‘गादी खाल्ली’ लिहून एका वाक्यात खुलासा करा, पुढे वाचक आपोआप समजून घेईल.

आता शिवी. लैंगिकतेच्या अभ्यासक स्टेला न्यान्झी यांनी 2017 मध्ये फेसबुकवर अध्यक्ष मुसेवेनींना ‘ढुंगणाची जोडी’ म्हटले. शाळकरी मुलींना सॅनिटरी पॅड देण्याचे निवडणुकीतले आश्वासन सरकारने पाळले नव्हते, त्यावरूनही त्या त्याच सुमारास भांडत होत्या. ‘नितंब’ हा शृंगारातला शब्द. तो घातलात तर बाईंना तुरुंगात का टाकले, हेच वाचकाला कळणार नाही.