पावसाआधी छत बघ, मग सिंक

भावा, नव्या कॅम्पर व्हॅननं (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीनं) पहिला पाऊस महाबळेश्वरात काढायचा म्हणतोस, तर त्याआधी साताऱ्यातच, कोरड्या दिवशी, छतावर पाइपनं पाणी सोड. खालच्या कडेपासून हळूहळू वर जा आणि कुणाला तरी आत टॉर्च घेऊन बसव. जिथं ठिबकतं तिथंच भोक असेल असं नाही. पाणी पत्र्याच्या आतून वाहत दुसऱ्याच टोकाला निघतं. माझ्या गाडीत ओल उशाशी होती, गळती मात्र छतावरच्या पंख्याच्या चौकटीत. दोन पावसाळे मी चुकीच्या जागी सिलिकॉन भरलं आणि आतलं प्लायवुड कुजलं, त्याची हळहळ अजून वाटते. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. सगळं खरवडून काढ, स्पिरिटनं पूस, चौकटीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि स्क्रूंवर पॉलियुरेथेन सीलंट (फटी बुजवायची पेस्ट) लाव.

सिंक बहुतेक वेळा तेलानं तुंबतं. रश्श्याचा तवंग थंडीत पाइपात थिजतो, म्हणून भांडी आधी कागदानं पुसून घे. तुंबलंच तर कॉस्टिकची पावडर नको. ती पाण्यात तापते, प्लॅस्टिकचे सांधे खराब होतात. खाली बादली ठेवून ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा वाकडा पाइप, उघड. आणि सांडपाणी कासच्या पठारावर अजिबात सोडू नकोस, टाकी घरी येऊनच रिकामी कर.